ओल्यात बसून तहानलेलं बी

सकाळी नर्सरीच्या शेडमध्ये गेलो आणि झेंडूचे ट्रे बघून पोटात गोळाच आला. पेरून आठ दिवस झालेले, झेंडू साधारण पाचव्या दिवसापर्यंत डोकं वर काढतो, आणि इथं डाव्या बाजूचे बारा ट्रे नुसते तपकिरी. एक मोजला, ९८ कप्प्यांत ११ रोपं. शेजारच्या रांगेत मात्र ९१. बियाणं एकाच पाकिटातलं, पेरणी एकाच दुपारची, पाणी एकाच पाइपचं.

मालक म्हणाले बियाणं खराब निघालं, फोन लाव बियाणंवाल्यांना. मी म्हणलं दादा, जरा थांबा, मग शेजारची रांग कशी उगवली?

चिमट्याने एक बी उकरून काढलं. झेंडूचं बी म्हणजे काळी बारीक काडी आणि मागं फिकट शेपटी, आठ दिवसांत ते पाणी पिऊन फुगून मऊ पडायला हवं होतं, तर हे बोटात धरलं तर कडक, आणि त्याच कप्प्यातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, चिमटीत दाबलं की पाणी ठिबकतंय! ओल्यात बसून बी तहानलेलं, असं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

मग डोक्यात आलं की या बारा ट्रेंमधलं कोकोपीट नव्या ब्लॉकचं आहे. जुनं आम्ही तीनदा धुऊन वापरलेलं, हे मात्र घाईत फक्त भिजवून मोकळं केलं आणि भरलं. चूक आमचीच. नारळाच्या सोडणात पोटॅशियम मुळातच असतं, त्यात सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर सोडियम आणि क्लोराइडही येतं. एक भाग कोकोपीट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास ठेवून इसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणारं यंत्र, बुडवला तर २.६. धुतलेल्याचं ०.५. आम्ही रोपांसाठी ०.७५ च्या वर जाऊच देत नाही. बाहेर क्षार एवढे असले की बीला पाणी ओढून घेणं जड जातं, माध्यम कितीही ओलं दिसू दे.

तरी खात्री पाहिजे होती. त्याच ट्रेंमधल्या वीस बिया काढल्या, चांगल्या धुतल्या आणि ओल्या टिश्यूवर झाकणाच्या डब्यात ठेवल्या. चौथ्या दिवशी उघडलं तर १७ बियांना पांढरं मूळ फुटलेलं. दादांनी डबा हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि फोनचा विषय तिथंच संपला.

त्याच शेडमध्ये कोपऱ्यात चार ट्रे बागेतल्या माती-शेणखताचे होते, कोकोपीट कमी पडलं म्हणून भरलेले. ते उगवले बऱ्यापैकी, पण पुढं वाढच नाही. रोप उपटून बघितलं तर मुळं कप्प्याच्या तळाशी तपकिरी, काहींची मान जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली, म्हणजे मर रोग. कुंडीत जी माती चालते ती ट्रेमध्ये चालेलच असं नाही, कारण कप्पा एवढा उथळ की पाणी तळाशी साचूनच राहतं आणि बारीक मातीत हवेला जागा उरत नाही. त्यामुळं उगवण मोजून खूश होणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, वीस दिवसांनी मुळं बघा, मग बोला.

नवं कोकोपीट मग नीट धुतलं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं, तिसरं जवळजवळ नितळ. शेवटी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, कारण सोडियम आणि पोटॅशियम तंतूंना धरून बसलेले असतात, साध्या पाण्याने सगळे सुटत नाहीत, कॅल्शियम त्यांची जागा घेतं. परत साध्या पाण्याने धुऊन मीटर लावला, ०.६. पिटुनियासाठी त्यात थोडं परलाइट, म्हणजे हलके पांढरे खडे, घातलं आणि पिटुनियाचं बी न झाकता नुसतं वरून टाकलं, त्याला उगवायला उजेड लागतो.

झेंडू परत पेरला. सहाव्या दिवशी सकाळी दादा माझ्या आधी शेडमध्ये उभे होते, ट्रेवर वाकून मोजत. म्हणाले, "८९ झाली, अजून दोन वर येतायत."