कापसाचं अंडं वाजत नाही : आमची वाटचाल

जळगावात प्लास्टिकचं काम नवं नाही. एमआयडीसीत चटयांचे, पाइपांचे कारखाने आहेत, त्यामुळे साचा दुरुस्त करणारा कारागीर, प्लास्टिकच्या दाण्याचा व्यापारी, मशीनवर रात्रपाळी करणारा ऑपरेटर इथे शोधत फिरावं लागत नाही. माझा धाकटा भाऊ मोल्डिंगच्या, म्हणजे साच्यातून प्लास्टिकच्या वस्तू काढण्याच्या कामात होता आणि मी बालवाडी चालवत होते. त्यातून आमचा हा प्लास्टिकच्या खेळण्यातल्या अंड्यांचा उद्योग उभा राहिला.

दोन भागांत उघडणारी ही रंगीत अंडी मूळची ईस्टरच्या खेळातली. पाश्चात्त्य देशांत त्यात खाऊ भरून लपवतात आणि मुलं शोधत फिरतात. आमच्या बालवाडीत ती आली तेव्हा आत काहीच नव्हतं, तरी मुलं सोडायला तयार नव्हती. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने पिळून ओढायचं, मग दोन्ही कडा जुळवून पुन्हा दाबायचं. पेन्सिल धरण्याआधी बोटांना जी ताकद आणि नेमकेपणा लागतो, तो यातून येतो. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते उघडण्याआधीचं थांबणं. मूल अंडं हलवतं, कानाला लावतं आणि विचारतं, “यामा काय शे?”

दुकानदारांना एका अर्ध्यावर मोठं ‘ए’ आणि दुसऱ्यावर छोटं ‘ए’ असलेला संच हवा असतो. तो आम्ही करतो आणि तो खपतोही. मराठीसाठी मात्र आम्ही एका भागावर चित्र आणि दुसऱ्यावर त्याचं पहिलं अक्षर ठेवतो. बाराखडीचं अंडं करा, अशी मागणी वारंवार येते. तीन-चार वर्षांच्या मुलावर तो भार नको, म्हणून आम्ही ते करत नाही.

आमचा खरा जीव आहे तो आवाजाच्या जोड्यांवर. दोन अंड्यांत दादर ज्वारी, दोनांत तूर, दोनांत मीठ, दोनांत चिंचोके. सगळी एकाच रंगाची. डोळ्यांचा काही उपयोग नाही, कानानेच जोडी लावायची. शेवटची जोडी कापसाची. ती कितीही हलवली तरी गप्प. मुलं ठामपणे सांगतात, रिकामं आहे. मग कुणीतरी शेजारी खरंच रिकामं अंडं ठेवतं आणि दोन्ही हातांत तोलून बघतं. एवढ्या हलक्या वस्तूतला फरक कळत नाही, उघडावंच लागतं. घरी कापूस वेचलेला पाहणाऱ्या आपल्या मुलांना त्यात जो आनंद होतो, तो बाहेरून आणलेल्या कुठल्याही मण्यांनी होणार नाही.

त्याखालोखाल चालतो पाण्याचा खेळ. उन्हाळ्यात टबात अंडं सोडायचं आणि किती खडे भरल्यावर बुडेल ते आधी सांगायचं. फरशीवर सोडलं तर अंडं सरळ जात नाही, एक टोक जाड असल्यामुळे वळण घेतं. अर्धं ज्वारीने भरलं तर लवकर थांबतं, कारण आत दाणे एकमेकांवर घासून वेग खातात. हे समजावून सांगायचं नसतं, मुलांना बघू द्यायचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. आमचीही वाट तीच आहे. म्हणून हल्ली आम्ही बहुतेक अंडी रिकामीच देतो. चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी अंगणवाडीताई आणि मदतनीस मावशी त्यांच्या गावात जे मिळेल ते भरतात. एकच विनंती असते. पेरणीचं पाकिटातलं बियाणं कधीही भरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं. आणि दाणे भरलेलं, उघडता येणारं अंडं मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्या, कारण दाणा नाका-कानात जातो, घशात अडकतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तर ते नकोच. आमची वाजणारी अंडी याच कारणाने कायमची सांधलेली असतात. कापसाच्या जोडीला तेवढी सूट, कारण ती उघडल्याशिवाय खेळ पुरा होत नाही. तीसुद्धा ताईसमोरच उघडायची.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. कागदपत्रं, तपासण्या, खर्च, सगळं वाढलं. तरी तो नियम मला योग्यच वाटतो. रिसायकल दाणा स्वस्त पडतो, पण तो आधी कशात वापरला होता हे सांगता येत नाही. तोंडात जाणाऱ्या वस्तूला आम्ही व्हर्जिन, म्हणजे आधी न वापरलेला दाणाच वापरतो आणि कडेवरून बोट फिरवून बघितल्याशिवाय माल पेटीत भरत नाही.

शाकाहारी घरांतून कधी विचारणा होते की अंडंच का. त्यांचा संकोच मी समजू शकते. त्यांच्यासाठी आम्ही मोर, चिमणी, कासव, सरडा, नाग अशी छोटी चित्रं देतो. यातलं प्रत्येक जण अंड्यातून बाहेर येतं, हे कळल्यावर मुलं परसातला सरडा वेगळ्या नजरेने बघू लागतात आणि पालकांचाही विरोध मावळतो.

एक सोय गिऱ्हाइकांनीच आम्हाला सुचवली. खेळता खेळता अंड्याचा एक भाग हमखास हरवतो आणि अख्खा संच पडून राहतो. आता रंग आणि जाड टोक की निमुळतं, एवढं कळवलं की तो भाग सुटा पाठवतो.