वाचन आणि लेखन, आठ महिन्यांची नोंद: ३० पुस्तकं, २ कथा

जानेवारीत ठरवलं होतं की वर्षभरात ४८ पुस्तकं वाचायची, म्हणजे महिन्याला चार, आणि ५ कथा पूर्ण करायच्या. आज ऑगस्टचा शेवटचा रविवार. पुस्तकं ३० झाली, कथा २ झाल्या, तिसरी १८०० शब्दांवर आहे.

पण एप्रिलअखेरचा हिशोब बघा. २१ पुस्तकं आणि पूर्ण कथा शून्य. वहीत तीन सुरुवाती होत्या, एक दीड पानाची, एक चार पानांची आणि तिसरीत नुसतंच एका माणसाचं वर्णन, बास. वाचन जोरात चाललं होतं कारण वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घातलं होतं, तिथे एकदा पैसे भरले की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून मिळतात आणि दुसऱ्याला पण तोच अंक हवा असतो म्हणून पटापट वाचून परत करावे लागतात, ते अंक मी या २१ मध्ये धरलेलेच नाहीत. शिवाय कामाला जाताना ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडते, बसायला मिळतं, भायखळ्यापर्यंत पाऊणेक तास जातो, येताना तेवढाच. वाचनाला जागा आयतीच आहे. लिखाणाला नव्हती. ते मी ‘रात्री जेवणं उरकल्यावर’ या खात्यात टाकलं होतं आणि रात्री जेवणं उरकल्यावर ओटा आवरून होईपर्यंत साडेदहा होतात, मग वाटायचं आता काय लिहिणार, दहा पानं वाचून झोपू.

आधी मला वाटत होतं प्रश्न फक्त वेळेचा आहे. मे महिन्यात एक आठवडा सुट्टी होती, भरपूर वेळ, आणि त्या आठवड्यात मी तीन पुस्तकं वाचली आणि एक ओळ लिहिली नाही. तेव्हा कळलं की वाचून माझं पोट भरतं. दिवसभर दुसऱ्याच्या गोष्टीत राहून आलं की आपण काही सांगावं ही भूकच राहत नाही, आणि गंमत म्हणजे मनाला वाटत राहतं की आपण साहित्याचंच काहीतरी करतोय. हे ज्यांना ज्यांना होत असेल त्यांनी माझं ऐका आणि क्रम उलटा करून बघा.

मी काय केलं तर पुस्तकांचं टार्गेट निम्म्यावर आणलं, महिन्याला दोन, आणि सकाळी सहाला उठून २५० शब्द लिहून झाल्याशिवाय कुठलंही पुस्तक उघडायचं नाही असं ठरवलं. फोन पण नाही, पेपर पण नाही. लिहायचं हातानेच, दोनशे पानी वहीत. टाइप करायला बसले की मी मागचंच वाक्य दुरुस्त करत बसते, वहीत तसं होत नाही, खोडून पुढे जाता येतं. रविवारी आठवड्याचं सगळं फोनवर बोलून टाइप करते, व्हॉइस टायपिंग मराठीत आता बरं चालतं, विरामचिन्हं मात्र हाताने घालावी लागतात आणि संवाद असले तर कोण बोललं ते सगळं एकत्र येतं. पण मोठ्याने वाचल्यामुळे कुठलं वाक्य तोंडात अडकतंय ते लगेच कळतं, हा फायदा मी धरलाच नव्हता.

मे ते ऑगस्ट: ९ पुस्तकं, २ कथा (३४०० आणि २९०० शब्द). १८ सकाळी काहीच लिहिलं नाही, त्यातल्या ११ जूनमध्ये, घरी आजारपण होतं.

आता कानाबद्दल सांगते, म्हणजे वाचलेल्याची लय आपल्या लिखाणात कशी उतरते त्याबद्दल, कारण हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. फेब्रुवारीत मी एकाच जुन्या कथाकाराचे संग्रह पाठोपाठ वाचले आणि त्यानंतर लिहिलेली चार पानं आता बघितली तर त्यात माझं काहीच नाही. प्रत्येक वाक्यात दोन उपमा, संध्याकाळ कशासारखी, भिंत कशासारखी, आणि माझ्या कथेतला माणूस ठाण्यात जांभळी नाक्यावर रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करणारा आहे, तो असा विचार करेल का? ती पानं काढून टाकली. तेव्हापासून पहिला खर्डा चालू असेल तोपर्यंत मी कथा वाचतच नाही. आत्मचरित्रं, प्रवास, इतिहास, एक पुस्तक तर जुन्या भांड्यांवर होतं. खर्डा संपला की मग कथा, आणि तेव्हा भरपूर, कारण दुरुस्ती करताना दुसऱ्यांनी कसं केलंय ते बघायलाच पाहिजे.

हे बघणं मी असं करते. एक कथा तीनदा. पहिल्यांदा नुसती वाचायची. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन (स्वतःच्या प्रतीवर, वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो) जिथे जिथे काळ पुढे उडी मारतो तिथे खूण. तिसऱ्यांदा फक्त संवाद. या तिसऱ्या वाचनात मला सगळ्यात जास्त मिळालंय. आपल्या भाषेत नातं सांगायला वेगळं वाक्य लागतच नाही. ‘अगं’ की ‘अहो’, ‘आपण जाऊ’ की ‘आम्ही जाऊ’, यातच कोण कुणाच्या बाजूला उभं आहे ते कळतं. पुष्कळदा क्रियापदातच बाई की पुरुष कळतं त्यामुळे प्रत्येक वेळी नाव घ्यायची गरज नाही. माझ्या कथेत सून आहे, ती सासऱ्यांना काय म्हणेल यावर मी तीन दिवस अडले होते. ‘मामंजी’ म्हटलं की काळ फार मागे जातो, ‘पप्पा’ म्हटलं की घर वेगळंच होतं, १९७८ सालची ठाण्यातली चाळ म्हणून शेवटी ‘मामा’ ठेवलं आणि त्याबरोबर तिची अख्खी बोलण्याची पद्धत सापडली, ती त्यांच्यासमोर अर्धी वाक्यं बोलते आणि उरलेलं नवऱ्याला आत जाऊन सांगते.

आणि सगळंच वाचून मिळत नाही हेही नोंदवते. स्टोव्हची माहिती मी पुस्तकांत शोधत होते, शेवटी सासूबाईंना विचारलं. आई अर्धा तास बोलत होत्या. पितळी टाकी चिंचेने घासायची, बर्नरच्या भोकात काजळी धरली की पिन मारायची, पिन आत तुटली तर संपलंच, आणि पेटवायला स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा. काकडा हा शब्द मी फक्त काकडआरतीत ऐकला होता. पंपाचं वायसर, म्हणजे वॉशर, चामड्याचं असतं, ते वाळलं की हवाच धरत नाही, मग त्याला तेल लावून मऊ करायचं. हे ऐकताना मला कथेचा शेवट मिळाला, तो इथे सांगत नाही. पण त्या दिवशी रेकॉर्ड करायचं सुचलं नाही याची हळहळ आहे, आता त्या सांगतात तेव्हा पहिल्यासारखं येत नाही.

मुदतीबद्दल. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही दरवर्षी कथा मागणारी परंपरा आहे आणि माझ्यासारख्या नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाला तिचा फार आधार वाटतो. अंक दिवाळीच्या आधी छापून व्हायला हवा म्हणजे आपलं काम पावसाळ्यात संपायला हवं. मी दोन अंक ठरवले होते, दोघांची मुदत जुलैअखेर. पहिली कथा १४ जुलैला गेली, दुसरी २९ ला. पहिल्या कथेला नकार आलाय, दोन ओळींचा, ‘कथा चांगली आहे पण लांबी बसत नाही’. ३४०० शब्द जास्त होते का? मला तरी अजून एकही परिच्छेद काढता येईल असं वाटत नाही, म्हणून ती कापत बसणार नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे पाठवेन. दुसरीचं उत्तर यायचंय. फोन वाजला की आधी मेल बघते, हे महिनाभर चाललंय.

सप्टेंबर ते डिसेंबर: पुस्तकं आठ, म्हणजे वर्षाची ३८ होतील, ४८ सोडून दिली. कथा तिसरी पूर्ण, चौथीचा खर्डा, पाचवी या वर्षी नाही. नोव्हेंबरात दिवाळी अंक येतील आणि तेव्हा माझी खरी परीक्षा आहे कारण चौथीचा खर्डा चालू असणार आणि घरात अंकांचा गठ्ठा. आत्ता तरी ठरवलंय की अंकातले लेख आणि मुलाखती आधी, कथा खर्ड्यानंतर. जमतं का ते डिसेंबरच्या नोंदीत लिहीन.

एक मदत हवी आहे. तिसऱ्या कथेतला माणूस मूळचा साताऱ्याकडचा आहे आणि मी त्याच्या तोंडी ‘वायसर’च घातलंय, पण तिकडे स्टोव्ह दुरुस्त करणारे त्या चामड्याच्या चकतीला दुसरं काही म्हणायचे का? आणि गिऱ्हाईकाने स्टोव्ह दुकानात आणून ठेवला की पहिला प्रश्न काय विचारायचे? कुणाच्या घरी आजी-आजोबा असतील तर प्लीज विचारून सांगा, आणि विचारताना रेकॉर्ड करा.