लाडू, खराट्याच्या काड्या आणि तातय्यांचं कार्ड

मागच्या एप्रिलात लेकीच्या दप्तरातून उन्हाळी शिबिराचं एक चकचकीत पत्रक निघालं. स्टीम, रोबोटिक्स, हँड्स-ऑन, टीमवर्क, लीडरशिप, सगळे शब्द एकाच पानावर आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात फी. नवरा म्हणाला एवढ्यात माझं पॉलिटेक्निकचं एक वर्ष निघालं होतं. तरी भरली, कारण वर्गातल्या चार पोरी जाणार होत्या आणि सोलापूरच्या मे महिन्यात पोरगी दुपारभर मोबाईल घेऊन कूलरपुढं पडून राहते हे मला बघवत नाही.

दहा दिवस झाले, मेडल आलं, सर्टिफिकेट आलं, फोटो आला. मी सहज विचारलं, तुम्ही केलेली ती रोबोटगाडी वळायची कशी गं? तर म्हणते, "रिमोट एका मुलाकडं होता आई, मला नाय माहिती." पाच जणांत एक किट. हिच्याकडं काय होतं? स्क्रूची डबी. आणि शेवटच्या दिवशी चार्टपेपरवर बॉर्डर काढायचं काम, ते पण मुलींनाच, त्याला म्हणे आर्ट.

मला खरा राग पैशाचा नाही आला, या बॉर्डरचा आला. म्हणजे आधी सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स यांच्या आद्याक्षरांचं स्टेम होतं, मग त्यात आर्ट्सचा ए घुसवून स्टीम केलं (मराठीत याला कुणी वाफ म्हणू नका प्लीज), आणि तो ए आपल्याकडं येईपर्यंत स्केचपेन होऊन बसला.

तर मी आणि बिल्डिंगमधल्या दोघींनी ठरवलं की आपणच करू. अकरा पोरं, चौथी ते आठवी, गच्चीवर, सकाळी सात ते साडेनऊ. दहानंतर आमच्या गच्चीवर फक्त पापड वाळू शकतात. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी सुट्टी, कारण त्या दिवशी तिन्ही टीचर बादल्या-पिंपं भरत असतात, हे सोलापूरकराला सांगायला नको.

पहिले दोन दिवस अरविंद गुप्तांच्या कृपेने निघाले. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर माणूस, १९७०च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमात गेला आणि आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवायला लागला. नंतर बरीच वर्षं पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, तिथल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात, म्हणजे मुक्तांगणमध्ये होते, २०१८ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाईटवर सगळं फुकट आहे, मराठी पुस्तकं पण. फक्त वॉल्व ट्यूब आता पटकन मिळत नाही, तीन दुकानं फिरल्यावर एका जुन्या सायकलवाल्याकडं मिळाली, आणि तो म्हणाला एवढी घेऊन काय करायलाय ताई.

चौकोन केला की तो डुलतो, हाताने दाबला की आडवा होतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी घाला, तोही ताठ. एवढंच आहे, पण हे पोरांना सांगायचं नसतं, त्यांनी दाबून बघायचं असतं. आमच्याकडं एका सहावीतल्या पोराने दाबून दाबून बघितलं आणि म्हणाला, हे तर आमच्या पप्पांच्या शेडच्या कैच्या! एमआयडीसीत पत्र्याखाली असतात ना लोखंडी, त्या. मी एवढी वर्षं त्या कैच्या बघते, त्यात सगळे त्रिकोणच आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग मनोरा. हा खेळ पीटर स्किलमन नावाच्या डिझायनरचा, कच्च्या स्पगेटीच्या २० काड्या, थोडी टेप, थोडी दोरी, १८ मिनिटं, आणि टोकावर एक मार्शमॅलो (साखरेची मऊ, हलकी मिठाई) टिकला पाहिजे. टॉम वुजेकने २०१०च्या एका भाषणात सांगितलेलं फेमस आहे, की यात बालवाडीतली पोरं बिझनेस स्कूलवाल्यांपेक्षा उंच मनोरा करतात, कारण मोठे लोक प्लॅन करत बसतात आणि मार्शमॅलो शेवटच्या मिनिटाला ठेवतात. आम्ही खराट्याच्या काड्या घेतल्या आणि वर राजगिऱ्याचा लाडू. लाडू मार्शमॅलोपेक्षा बराच जड निघाला, तीनपैकी दोन मनोरे लाडू ठेवताच मान टाकून पडले. तिसऱ्या टीमने वेळ संपायच्या आत लाडू खाल्ला आणि वर असं की आता वजन कमी झालं ना काकू.

पण रिमोटवाली गोष्ट इथंही झालीच. प्रत्येक टीममध्ये एक जण सगळं ओढून घेतो, एक जण रुसतो, बाकीचे सेलोटेप कापतात. आपण नुसतं "मिळून करा रे" म्हणून काय होत नाही. अमेरिकेत ऑस्टिनमध्ये एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१मध्ये जिगसॉ पद्धत आणली ती यासाठीच, तिथं काळी-गोरी पोरं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि तणाव होता, तर त्याने धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेकच दिला, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही. वाचायला छान वाटतं हो, पण माझ्या गच्चीवर असा कुठला खेळ आणायचा की ज्यात एकट्याला काही करताच येणार नाही?

तो खेळ तळमजल्यावर राहत होता. आमच्या बिल्डिंगमध्ये एक तातय्या आहेत, तेलुगूत आजोबा, पण मराठी पोरं पण तातय्याच म्हणतात. तीसेक वर्षं चादरीच्या कारखान्यात, त्यातली बरीच जकार्डची कार्डं पंच करण्यात. मी त्यांना फक्त विचारायला गेले की जुनी कार्डं आहेत का दाखवायला, तर ते दुसऱ्या दिवशी पावणेसातला गच्चीवर खुर्ची टाकून हजर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चादरीवरचा मोर मागाला कळतो तो पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एक कार्ड म्हणजे नक्षीची एक ओळ. जिथं भोक आहे तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला खालीच राहतो, मधून आडवा धागा जातो, पुढचं कार्ड येतं. जोसेफ मारी जकार्डने १८०४मध्ये फ्रान्सात हा माग काढला. पुढं चार्ल्स बॅबेजने ही कार्डांची आयडिया आपल्या गणिती यंत्रासाठी (आजच्या कॉम्प्युटरचा पूर्वजच) उचलली, आणि एडा लव्हलेसने १८४३मध्ये लिहिलं की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. म्हणजे कोडिंग कोडिंग म्हणून ज्याची फी भरतोय त्याचा खापरपणजोबा आपल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत खडखड करायलाय.

आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्याला खाचा पाडून आठ उभे लोकरीचे धागे ताणले. लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर आठ जागा, पंचिंग मशीनने भोकं. आणि कामं वाटली. एक जण पट्टी वाचणार, "उचल, सोड, सोड, उचल", दुसरा फूटपट्टीने तेवढे धागे उचलून धरणार, तिसरा आडवा धागा घालणार, चौथा ग्राफवरच्या चित्राशी ताडून बघणार. दर चार ओळींनी कामं बदलायची. रिमोट कुणाकडंच नाही! वाचणारा घाईत बोलला की उचलणारा बोंबलतो, उचलणाऱ्याचा हात हलला की विणणारा. गोंधळ प्रचंड, पण डबी धरून बसलेलं कुणी नव्हतं.

आठवीतली एक पोरगी म्हणाली आठ जागा, प्रत्येकीला भोक नाहीतर नाही, म्हणजे एका पट्टीचे २५६ प्रकार. तातय्यांना २५६ चं काही कौतुक नव्हतं, ते म्हणाले आमच्या कार्डावर शेकड्याने जागा असायच्या बे, एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत चूक, मग मालक काय सोडतो व्हय.

आणि मग माझ्या लेकीचा मोर. ग्राफवर झकास दिसत होता (खरं तर कोंबडी, पण असो), पोट सगळं भरीव पांढरं. विणल्यावर पोटातले धागे लोंबायला लागले, बोट घातलं की बाहेर येतायत. तिला वाटलं उचलणाऱ्याने चूक केली, भांडण. तातय्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, म्हणाले, "धागा लांबपर्यंत कुठं अडकलाच नाय बे, मग लोंबणारच. पोटात मधी मधी टिपके सोड." लेक म्हणाली टिपके आले तर मोर घाण दिसेल. मग चौघं डोकं लावून बसले की टिपके असे सोडायचे की ते पिसांसारखे दिसले पाहिजेत. अर्धा तास. ऊन वर आलं, दोघांच्या आया हाका मारून गेल्या, कुणी उठेना. टिपके कुठं ठेवायचे हे आर्ट का इंजिनिअरिंग, सांगा बघू. मला तरी ते दोन वेगळे करता येईनात, आणि तातय्यांना तर असले दोन शब्द लागलेच नाहीत आयुष्यभर.

किटवाल्यांवर माझा डूख नाही. सरकारची अटल टिंकरिंग लॅबची (शाळेत पोरांनी स्वतः वस्तू बनवून बघायची खोली) योजना २०१६पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर वगैरे, आणि जिथं कपाटाची किल्ली पोरांच्या हातात पडते तिथं त्याचं सोनं होतच असणार. सोलापूरजवळ केगावच्या सायन्स सेंटरला पण पोरांना घेऊन जा, तिथं हात लावून बघायला मिळतं. माझं भांडण फक्त त्या स्क्रूच्या डबीशी आहे.

आमचा एकूण खर्च तीनशेच्या आत झाला, त्यात लाडू धरून.

या मे मध्ये परत करणार आहोत. तातय्यांनी आत्ताच बजावलंय की आठ धाग्यात काय मजा नाय, सोळा घ्या. खराट्याच्या काड्या उरल्यात, वॉल्व ट्यूब संपलीय, कुणाला सोलापुरात कुठं मिळते माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका.