तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर, म्हणजे मोकळ्या जागेवर, एवढी माणसं कशी?

जळगावातल्या नव्या कॉलन्यांमधून येणारे पाहुणे हे हमखास विचारतात. "आमच्याकडे लॉन आहे, बाकडी आहेत, व्यायामाची यंत्रं आहेत, तरी दिवसभर चिटपाखरू फिरकत नाही. तुमच्याकडे तर यातलं काहीच नाही!"

आमच्याकडे मोठे निंब, म्हणजे कडुनिंब, आहेत. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा लॉनवर कोण बसणार? निंबाची पानगळ फाल्गुनात उरकते आणि ऊन तापायला लागतं तोवर नवी पालवी दाटलेली असते.

आणि या जागेवर कामं होतात. चैत्र-वैशाखात बायका पहाटे ज्वारीचा घाटा शिजवतात, लसूण-मिरची-तीळ घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर थापतात आणि खाटा उन्हात सरकवतात. स्वतः बसतात निंबाखाली, कावळे-शेळ्या हाकत. धोतर उलटं करून पाण्याचा हबका मारला की बिबडी अलगद सुटते. अर्धवट वाळलेली बिबडी पळवायला पोरं टपलेलीच असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याच निंबाला झोका बांधतात. माहेरवाशिणी गाणी म्हणत उंच झोके घेतात. जिथं असं बसणं-उठणं आहे, तिथल्या रोपांना पाणी घाला असं कुणाला सांगावं लागत नाही. कुणी शेतातली जुनी ठिबकची नळी आणून जोडतं, कुणी घरातलं तांदूळ धुतलेलं पाणी ओततं.

नियमाप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये (प्लॉट पाडलेल्या जमिनीत) दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. म्हणजे जागा तुमच्याकडेही आहे. पण तिथं खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवलेले पाहिले की माझा जीव तुटतो. पावसाचं पाणी मुळाशी जाणार कुठून?

तेव्हा आधी खोडाभोवतीचे ब्लॉक काढा, चांगली हातभर माती मोकळी करा. 'गवतावर चालू नये' ही पाटी उतरवा. मृगाचा पाऊस झाला की निंब, वड लावा आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे त्यांना पाणी द्या. आणि नवं काही बांधायच्या आधी कॉलनीतल्या बायकांना विचारा, बिबड्यांच्या खाटा कुठं टाकायच्या ते. तेवढा तुकडा उन्हाचा राहू द्या, तिथं झाड नको.