बोर्ड गेला नव्हता

‘मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, पंखा फिरतोय का? फिरत असेल तर पैसे मोजायची घाई नको.

हे लिहायचं कारण म्हणजे भावजींचा लॅपटॉप. तासगावात त्यांचं महा ई-सेवा केंद्र आहे. जूनमध्ये तिथे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर यांसाठी सकाळपासून पोरं आणि त्यांचे आईबाप उभे असतात. अशा वेळी विंडोजच्या अपडेटसोबत बायोसचंही (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं) अपडेट आलं. मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, पडद्यावर टक्केवारी सरकू लागली आणि बाहेर वळवाच्या पावसानं लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी असते, मग लाइट गेल्यानं काय बिघडतं? अपडेट सुरू होण्याआधी बॅटरीत पुरेसा चार्ज आहे का हे तपासलं जातं खरं, पण बॅटरी जो आकडा सांगते तोच खरा धरून. चार-पाच वर्षं सतत चार्जरला लावलेली बॅटरी साठ टक्के दाखवते आणि भार आला की बसते. इथे तेच झालं.

नंतर बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, कॅप्स लॉक लुकलुकायचा, पडदा काळाच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बोर्ड बदलायचा आकडा सांगितला तो नव्या मशीनच्या निम्म्याच्या जवळपास होता. भावजी लॅपटॉप घेऊन सांगलीला आले. ‘वहिनी, तुम्ही एकदा बघा की. नाहीतर नवाच घेतो.’ मी कुपवाड एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीचं काम करते. हॉट एअर, सोल्डरिंग स्टेशन हे रोजचंच.

लुकलुकणारा कॅप्स लॉक बघून मला बरंच वाटलं. तो दिवा बायोस लावत नाही, कीबोर्ड आणि चार्जिंग सांभाळणारा वेगळा छोटा कंट्रोलर लावतो. म्हणजे वीज आत पोचतेय आणि तो कंट्रोलर ‘मी आहे, पण पुढचा कुणी उत्तर देत नाही’ असं सांगतोय. पुढचा म्हणजे प्रोसेसर. प्रोसेसर उत्तर देत नसण्याची मुख्य कारणं दोन. एकतर तोच मेलाय, नाहीतर त्याला वाचायला काही उरलेलं नाही.

बायोस ज्या चिपमध्ये असतो ती फ्लॅश चिप. तिच्यावर नवं लिहायचं तर आधीचं पुसावं लागतं, आणि पुसलं की प्रत्येक बाइट एफएफ होतो, म्हणजे सगळे बिट एक. लिहिताना त्या एकांचे शून्य करता येतात, शून्याचा एक करता येत नाही. म्हणून अपडेट ठरावीक तुकडा पुसतं, लिहितं, मग पुढचा तुकडा घेतं. मध्येच वीज गेली तर एक तुकडा कोराच राहतो. आता इंटेलचा प्रोसेसर सुरू झाल्यावर आपली पहिली आज्ञा ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून उचलतो, आणि तो पत्ता बायोस चिपच्या अगदी शेवटच्या टोकाला जोडलेला असतो. नेमकं ते टोक कोरं राहिलं की प्रोसेसर धडधाकट असूनही मशीन मढं.

सोपा उपाय आधी करून पाहिला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुरुवातीचा एक छोटा भाग असा असतो की मुख्य बायोस बिघडला तरी तो पेनड्राइव्हवरून फाइल वाचून स्वतःला दुरुस्त करतो. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, फाइलचं नाव कंपनी सांगते तेच हवं, आणि ठरलेल्या कळा दाबून धरून पॉवर द्यायची. कळा कंपनीगणिक वेगळ्या, म्हणून त्या मॉडेलचं मॅन्युअलच उघडावं. यूट्यूबवर कुणी दुसऱ्याच मॉडेलच्या कळा छातीठोकपणे सांगत असतो. आमच्याकडे पेनड्राइव्हचा दिवा एकदाही हलला नाही. म्हणजे तो छोटा भागही गेला होता. उरला प्रोग्रामर, म्हणजे चिप थेट वाचायचं-लिहायचं यंत्र.

सीएच३४१ए नावाचा यूएसबी प्रोग्रामर, चिपच्या पायांना चिमट्यासारख्या लागणाऱ्या क्लिपसकट, पाचशेच्या आसपास मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. पण त्याचा जो काळा बोर्ड सगळीकडे विकला जातो, त्यात चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते आणि डेटाच्या तारांवर मात्र ५ व्होल्ट येतात. बऱ्याच चिपा ते सोसतात म्हणून लोक निर्धास्त असतात. मी माझा बोर्ड दुरुस्त करून तारांवरही ३.३ च येतील असं केलंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिपवरचा नंबर भिंगाखाली वाचणं. आमची निघाली विनबाँडची २५क्यू१२८जेव्ही, ३.३ व्होल्टवाली. त्याच २५क्यू१२८ मधली जेडब्ल्यू १.८ व्होल्टवर चालते. शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण अडॅप्टर न लावता जोडली तर चिप कायमची जाऊ शकते.

बॅटरी आणि चार्जर काढून आधी क्लिप लावली. चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही फाइलींचा हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी छोटी खूण) जुळवायचा, हा माझा नियम आहे. जुळला नाही. क्लिपमधून जाणारी वीज एकट्या चिपला मिळत नाही, त्या रेषेवरचे बाकीचे भागही ती ओढतात. प्रोग्रामरला तेवढं झेपत नाही आणि वाचन डळमळतं. काहीजण अशाच वाचनावर भरवसा ठेवून लिहूनही टाकतात! मी आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली, सोल्डर नीट सुटावं म्हणून फ्लक्स सोडला आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास हवा देऊन चिप उचलली. एक नंबरच्या पायाकडचा ठिपका कुठे होता त्याचा फोटो आधीच काढलेला. बाहेर काढल्यावर हॅश लगेच जुळला.

चिप १२८ मेगाबिटची, म्हणजे १६ एमबी. बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली. सुरुवातीला सोळाव्या बाइटपासून ५ए ए५ एफ० ०एफ. ही इंटेलच्या डिस्क्रिप्टरची, म्हणजे चिपमध्ये कुठला भाग कुठे आहे त्या नकाशाची खूण. नकाशा शाबूत. त्यापुढचा मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या चिपसेटमधल्या वेगळ्या छोट्या कंट्रोलरचा) भागही भरलेला. खाली गेले तर शेवटच्या टोकापर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. पानंच्या पानं एफएफ. इतकी आनंदानं मी कोरी पानं कधी पाहिली नव्हती.

इथे दुरुस्तीवाले सहसा टेलिग्रामच्या ग्रुपवरून त्याच मॉडेलची कुणीतरी टाकलेली ‘बिन’ फाइल, म्हणजे अख्ख्या चिपची प्रत, उतरवतात आणि अख्खी लिहून मोकळे होतात. मशीन चालूही होतं. पण मग त्यात सिरियल नंबर दुसऱ्याचा, विंडोजची की (परवान्याचा क्रमांक) दुसऱ्याची, आणि मॅनेजमेंट इंजिनची मांडणीही दुसऱ्याच बोर्डाची. महिन्याभरानं झोपेतून उठत नाही किंवा तीस मिनिटांनी बंद पडतं, अशा तक्रारी घेऊन गिऱ्हाईक परत येतं, तेव्हा पुन्हा ‘बोर्डच खराब’. मला हा प्रकार आवडत नाही. मशीनची ओळख त्याच्याच चिपमध्ये असते. भावजींच्या फाइलीत विंडोजची की पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत सरळ वाचता येत होती, सिरियल नंबरही होता.

म्हणून मी कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचं अपडेट उतरवलं, सेव्हन-झिपनं उलगडलं आणि बायोसचे भाग वेगळे करून दाखवणाऱ्या यूईएफआयटूलमध्ये उघडून त्यातला फक्त बायोसच्या कोडचा भाग बाहेर काढला. भावजींच्या मूळ फाइलीची प्रत घेऊन तिच्यात तेवढाच भाग जागेवर बसवला. डिस्क्रिप्टर, मॅनेजमेंट इंजिन, सेटिंग आणि सिरियलचा तुकडा, सगळं त्यांचं त्यांचंच राहिलं. कोडमध्ये एका बाइटचाही बदल केला नाही. हल्ली त्यावर कंपनीची डिजिटल सही असते आणि बऱ्याच मशीनमध्ये ती जुळली नाही तर प्रोसेसर पुढे जातच नाही.

लिहिलं, पडताळलं, चिप परत लावली. बटण दाबल्यावर बराच वेळ काळा पडदा, मग आपोआप बंद, मग पुन्हा चालू. बायोस बदलल्यावर रॅमची पहिली जुळवणी होताना असं होतं. घाबरून पॉवर काढू नये. भावजी शेजारी उभे होते, त्यांना बटणापासून लांब ठेवणं हेच काम होतं. शेवटी लोगो आला.

आमच्या पॉलिटेक्निकच्या लॉबीत सर हार्डवेअरच्या कहाण्या सांगायचे. तिथे ऐकलेलं आठवलं, की २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या संगणक-विषाणूनं जगभरातल्या अनेक संगणकांचे बायोस पुसले होते. तेव्हाच्या पुष्कळ बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये असायची. उपटायची, दुसऱ्या मशीनवर लिहायची, परत बसवायची. आता ती बोर्डाला सोल्डर केलेली असते आणि तेवढ्यामुळे ‘बोर्ड बदला’ म्हणणं सोपं झालंय.

लोगो आला आणि निळा पडदा. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागत होता. ‘मी कधी असलं काही लावलंच नाही,’ भावजी म्हणाले, आणि ते खरं होतं. विंडोज होममध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोस बदलला की टीपीएमला (कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या भागाला) मशीन ओळखीचं वाटत नाही आणि कुलूप उघडत नाही. की त्यांच्या खात्यात ऑनलाइन असणार होती, पण खातं जोडलेलं होतं बंद केलेल्या सिमला. सोल्डरिंगपेक्षा हे जास्त चिवट निघालं. शेवटी जाऊबाईंना आठवलं की खातं उघडताना दुसरा ईमेल त्यांचा दिला होता. त्यावर कोड आला, की मिळाली, डेस्कटॉप उघडला. स्कॅन केलेले सगळे दाखले जागेवर होते.

की कागदावर लिहून केंद्रातल्या पावतीपुस्तकात चिकटवलीय. बॅटरी नवी टाकलीय. १६ एमबीची चालू फाइल माझ्याकडे आहे, भावजींच्या गूगल ड्राइव्हवरही आहे. नव्या बॅटरीचे पैसे द्यायला ते अजून तयार नाहीत, म्हणतात लाइट असताना जुनी चालत होती की.