लोईसात ढोल नाचणारीच्या मागे धावतो

पोर्तो रिकोत बोम्बा, म्हणजे तिथला ढोलावरचा नाच, बघायचा असेल, तर कृपा करून हॉटेलच्या लॉबीत बघू नका. आम्ही आधी तिथेच पाहिला. चकचकीत कपडे, ठरलेली गाणी, अर्ध्या तासात खेळ खल्लास. सान हुआनचे किल्लेबिल्ले छानच आहेत, पण क्रूझवरून उतरलेल्या झुंबडीत जीव नकोसा झाला.

मग शहराच्या पूर्वेला, लोईसाला गेलो. वाटेत पिन्योनेसच्या टपरीवर खेकड्याचं सारण भरलेली, कच्च्या केळ्याच्या पिठाची गरमागरम आल्कापुर्रिया खाल्ली. तेलकट, पण झकास!

उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांनी बोम्बाचं हे संगीत घडवलं. इथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८७३ मध्ये. ढोल म्हणजे मुळात रमची पिंपं, वर बकऱ्याचं कातडं. 'बुलेआदोर' हा ढोल ठेका धरून ठेवतो, 'प्रिमो' बोलतो. बाजूला एकजण दोन काठ्यांनी लाकडावर टकटक करत असतो.

गोलात सत्तरीच्या एक आजी आल्या. पायात साधे कॅनव्हासचे बूट. प्रिमोवाल्या पोराला मान लववून त्यांनी स्कर्टला उजवीकडे झटका दिला. धुम्! डावीकडे दोन. धुम्-धुम्! मग आजी नुसत्याच थांबल्या, आणि प्रिमोही गप्प. आधी ताल, मग पाऊल, असं कथकच्या क्लासात शिकलेली मी बघतच राहिले. इथे नाचणारीने हुकूम सोडायचा आणि ढोलाने तो झेलायचा. आजींनी खांदा जरासा उडवला. पोराचा ठोका हुकला. त्यांनी ओठ मुडपले, त्याच्याकडे रोखून पाहत तोच खांदा पुन्हा उडवला. या वेळी बरोब्बर पकडला! अख्खा गोल ओरडला.

ही विद्या घराघरांतूनच टिकली. लोईसात आयाला कुटुंब, सान हुआनच्या सान्तुर्से भागात सेपेदा. त्यातल्या राफाएल सेपेदांना १९८३ मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप, म्हणजे लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान, मिळाली. हॉटेलवाल्यांनी यांच्या अंगणात येऊन जरा बसावं.

परतीची गाडी दोनदा रद्द झाली. तोवर एक चिमुरडी टी-शर्टची टोकं धरून त्याच पोराला घाम फोडायला लागली होती. अखेर गाडी आली, तर नवरा म्हणतो, "अगं, दे ना परत पाठवून!"