बायो ठेवलं, नीट सोडली

रविवार, रात्री उशिरा

दिवाळी सरली, लेकीच्या बारावीच्या सहामाहीचे पेपर हातात आले आणि आज एकदाचं तिच्या परीक्षांचं ठरलं. इंजिनीअरिंगसाठी राज्याची सीईटी, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटातून, आणि देशपातळीवरची जेईई मेन; शिवाय आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी. डॉक्टरकीची नीट द्यायची नाही.

आबांना हे जड गेलं. घरात एक तरी डॉक्टर व्हावा ही त्यांची जुनी इच्छा, आणि नात अकरावीपासून चारही विषय घेऊन बसलेली, म्हणून ते मनातून निर्धास्त होते. "मग बायो ठेवलंस कशाला, बाळ?" असं त्यांनी विचारलं. हाच प्रश्न कॉलेजात, क्लासमध्ये, नात्यात सगळे विचारतात. आपल्याकडे बायो म्हणजे नीट, आणि इंजिनीअरिंगला जायचं तर बायो सोडायचं, असं पक्कं होऊन बसलंय. ती म्हणाली, "आबा, मला पेशंट नाही तपासायचे. पेशीच्या आत रसायनं काय करतात ते शोधायचंय. तुम्ही रागावू नका." आबा रागावले नाहीत, पण बराच वेळ काही बोललेही नाहीत.

तिचं म्हणणं मला पटतं ते आयएटीच्या पेपरकडे बघून. एकूण 60 प्रश्न, तीन तास. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो, प्रत्येकाचे 15. बायो सोडलेल्या मुलालाही ते 15 प्रश्न येतातच, मॅथ्स सोडलेल्यालाही मॅथ्सचे येतात. म्हणजे चारही विषय प्रेमाने शिकणाऱ्या मुलासाठीच जणू ही परीक्षा काढली आहे. देशात सात आयसर आहेत, त्यातलं एक आपल्या पुण्यात, पाषाणला. तिथे विज्ञान शिकायला मिळालं तर तिचं सोनं होईल असं मला मनापासून वाटतं.

नीटमध्ये 180 पैकी 90 प्रश्न बायोचे असतात. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांच्या, ओळीन् ओळीवर पकड हवी, आणि त्यासाठी वर्ष पूर्ण द्यावं लागतं. "असू दे, फॉर्म भरून ठेव" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! फॉर्म भरला की मन तिकडे जातं, क्लासवाले टेस्ट सिरीजमध्ये नाव घालतात, आणि फेब्रुवारीत मूल चार परीक्षांचा ताण घेऊन बोर्डाच्या पेपरला बसतं. जी परीक्षा मनात नाही ती फॉर्मवरही नको, या मतावर मी ठाम आहे.

आज दुपारभर आम्ही सीईटी आणि जेईई शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही तीन तासांच्या, पण एकीच्या सरावाने दुसरी आपोआप होत नाही. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद! मॅथ्सच्या 50 प्रश्नांना वेगळी 90 मिनिटं, आणि तिथे प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे 200 पैकी 100 एकट्या मॅथ्सचे. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. जेईई मेनला तीन विषयांचे मिळून 75 प्रश्न. तिथे प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण बरोबर आला तर चार आणि चुकला तर वजा एक. तिथे कुठला प्रश्न सोडायचा हे कळावं लागतं. लेक मुळात सावकाश आणि खोलात जाणारी. तिला जेईईचे प्रश्न आवडतात आणि सीईटीचं घड्याळ छळतं. म्हणून सीईटीचा सराव आतापासून रोज, थोडा थोडा, वेळ लावूनच करायचा. अभ्यासक्रमाचं मात्र सोपं आहे. सीईटी बरीचशी बारावीवर, अकरावीचा भाग साधारण 20 टक्के, तोही ठरलेल्या धड्यांवर. स्टेट बोर्डाची पुस्तकं हातात आहेतच.

सीईटी सोडायची नाही, कारण माटुंग्याची आयसीटी, ही रसायन-तंत्रज्ञानाची संस्था. केमिस्ट्रीवर जीव असलेल्या मुलीला केमिकल इंजिनीअरिंगसाठी याहून चांगली जागा राज्यात मला दिसत नाही, आणि तिथला रस्ता सीईटीतूनही जातो.

जेईईची जानेवारीची फेरी नेमकी प्रॅक्टिकलच्या तोंडावर येते. ती द्यायची, पण तिच्यासाठी बोर्डाचा अभ्यास बाजूला सारायचा नाही. एप्रिलला पुन्हा संधी आहे, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. आयआयटीसाठी मेननंतर जी ॲडव्हान्स्ड असते, तिचा वेगळा क्लास लावायचा नाही.

"बोर्डात नुसतं पास झालं तरी चालतं" असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सीईटीतून इंजिनीअरिंगला खुल्या गटात पीसीएममध्ये 45 टक्के पुरतात, हे खरं. पण आयसरला बारावीत 60 टक्के लागतात, आणि जेईईतून मिळणाऱ्या केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांना, म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीला, 75 टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव. फेब्रुवारीत बोर्डच पहिलं.

जेवताना आबांनी विचारलं, "ते पाषाणचं कॉलेज सरकारी आहे ना?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग एकदा बघून येऊ." त्यांना घेऊन जायचंच.

उद्या सेतू केंद्रात जायला हवं. डोमिसाइल काढायचं आहे. ओबीसीचा दाखला जेईईला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि सीईटीच्या कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशफेरीला, राज्याच्या, सोबत नॉन-क्रिमीलेअर. दोन्ही अर्ज एकदमच देऊन येते.